डेट्रॉइट पेटण्याआधीची तीस वर्षं (आणि आपलं धुळं, जळगाव, सुरत)

पांझराकाठ

२८ जुलै १९६७ ला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अकरा जणांचा आयोग नेमला. प्रश्न तीनच दिले: काय झालं, का झालं, आणि पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो केर्नर अध्यक्ष होते म्हणून केर्नर आयोग. तेव्हा डेट्रॉइटमधला धूर अजून पुरता विझलाही नव्हता.

काय झालं ते सांगायला सोपं आहे. २३ जुलैच्या पहाटे बाराव्या रस्त्यावरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडली. आत व्हिएतनामहून परतलेल्या पोरांसाठी पार्टी चालली होती. मूठभर गिऱ्हाईक असेल असं पोलिसांना वाटलं होतं, निघाले ऐंशीच्या वर. सगळ्यांनाच उचलायचं ठरलं. गाड्या यायला उशीर झाला, रस्त्यावर बघे जमले, कुणीतरी बाटली भिरकावली. पुढच्या पाच दिवसांत ४३ माणसं मेली, त्यातली ३३ काळी. सात हजारांवर अटका झाल्या आणि शेवटी लष्कर उतरवावं लागलं.

आता धुळेकरांनी ६ जानेवारी २०१३ आठवा. मच्छीबाजारात खाण्याच्या बिलावरून बोलाचाली, त्यातून दगडफेक, जाळपोळ, मग पोलीस गोळीबार आणि सहा जण ठार. पुढे पोलिसांच्याच तोडफोडीचे व्हिडिओ बाहेर आले, काही पोलिसांना अटकही झाली. त्याआधी ऑक्टोबर २००८ चा कर्फ्यू होताच. मी त्या काळात धुळ्यातच होतो. बिल किती रुपयांचं होतं यावर लोकांनी जेवढी चर्चा केली त्याच्या दहावा हिस्साही "याच चौकात का?" यावर केली नाही.

केर्नर आयोगाने ती केली, म्हणून हा धागा. त्यांना दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्ही तेव्हाच्या पुढाऱ्यांना नको होत्या. एक, कुठलाही कट नव्हता. कम्युनिस्ट, बाहेरचे चिथावणीखोर वगैरे शोधून झाले, काही हाती लागलं नाही. दोन, रस्त्यावर उतरलेला सरासरी पोरगा गावाकडून नुकता आलेला उपरा नव्हता. तो त्याच शहरात जन्मलेला, वाढलेला होता. हायस्कूल अर्धवट सोडलेला, पण घरी बसून राहिलेल्या शेजाऱ्यापेक्षा जरा जास्तच शिकलेला. आपल्याकडे कुठलीही दंगल झाली की दुसऱ्या दिवशी "बाहेरून आलेल्या समाजकंटकांचं" निवेदन तयार असतं, त्यापुढे हे ठेवून बघा.

लोकांच्या तक्रारींत सगळ्यात वर तीन होत्या: पोलिसांची वागणूक, बेकारी, घरं. यातलं घरांचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, तिथल्या सरकारने बुडणारी गृहकर्जं वाचवायला एक महामंडळ काढलं. त्याने शहराशहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे कर्जाला उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. काळ्यांची वस्ती असली की बहुतेक लाल. १९३४ मध्ये गृहकर्जांना सरकारी विमा देणारं खातं निघालं आणि त्याच्या नियमांतच लिहिलेलं होतं की वस्ती मिश्र होत असेल तर जोखीम वाढते. म्हणजे गोऱ्या कामगाराला उपनगरात सरकारच्या हमीवर स्वस्त हप्त्याचं घर, आणि तेवढाच पगार आणणाऱ्या काळ्या कामगाराला जुन्या वस्तीत दामदुप्पट भाड्याची खोली. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. एका पिढीला ते घेऊच दिलं नाही, आणि तीस वर्षांनी विचारलं, ही वस्ती अशी भकास का?

माझं म्हणणं एवढंच आहे: वस्ती आधी सरकारी कागदावर बिघडते, मग रस्त्यावर. आपल्याकडे लाल रंगाचा नकाशा कुणी काढला नसेल, पण कुठल्या गल्लीला गटार, कुठल्या प्लॉटला एनए (बिगरशेती परवानगी) आणि कुठल्या पत्त्यावर गृहकर्ज, हे ठरतंच की. तुमच्या गावचं सांगा.

---

रोखठोक७

अमेरिकेचं दळण पुरे. दंगल करणारे दंगल करतात, कारण त्यांना नंतर कुणी हात लावत नाही. गरिबीने माणूस पेटत असता तर नंदुरबार रोज पेटलं असतं. मानव विकासात राज्यात तळाला म्हणता ना? अक्कलकुव्याला, धडगावला कधी कर्फ्यू ऐकलात का? आणि वंशवाद हा त्यांचा आजार. तो आपल्या अंगावर कशाला ओढून घ्यायचा?

---

कपाशी

मी पारोळ्याकडचा, घरचा धंदा कापसाचा. धागाकर्त्याने लोक डेट्रॉइटला आले कुठून हे सांगितलंच नाही. ते आले कापसाच्या रानातून. १९१६ च्या सुमारापासून १९७० पर्यंत साठेक लाख काळी माणसं दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. आधी जाच, फाशी देणारे जमाव आणि बोंडकिडा. मग यंत्र. २ ऑक्टोबर १९४४ ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यात कापूस वेचणाऱ्या यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. एक यंत्र पन्नास माणसांचं काम करायचं. वाट्याने शेती करणारा, मळेवाल्याच्या दुकानात कायम उधारी असलेला माणूस एका हंगामात बिनकामाचा झाला.

आणि रोखठोक भाऊ, "त्यांचा आजार" म्हणून झटकू नका, त्या कापसाशी खान्देशाचं नातं जुनं आहे. १८६१ ला तिकडे यादवी युद्ध लागलं, गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव तोवर मोठं गाव नव्हतं. रेल्वे आणि ही तेजी यांनी त्याची पेठ उभी केली. शेतकऱ्याने भाव बघून कर्ज काढलं, सावकाराने भाव बघून दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, जळगावची पेठ हबकली. कर्ज मात्र होतं तिथेच राहिलं. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे वाडे घेरले. लोण नगरपर्यंत गेलं. त्यांनी काय जाळलं? कर्जखतं, रोखे, गहाणखतं. माणसांना मारण्यावर फारसा भर नव्हता, कागद हवा होता. इंग्रजांनी तिथेही आयोग नेमला आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

सांगायचं काय, तर लोक पेटतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना बरोबर माहीत असतं आपल्याला कुठे बांधून ठेवलंय.

---

नोव्हीकर_चाळीसगावचा

मी डेट्रॉइटच्या उपनगरात गेली कित्येक वर्षं राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला हजारभर माणसं येतात आणि त्यातल्या बहुतेकांनी डेट्रॉइट शहर म्हणजे विमानतळाच्या रस्त्यावरून दिसतं तेवढंच पाहिलेलं असतं. मी पण त्यातलाच होतो, एक दिवस मुद्दाम भिंत बघायला गेलो तोवर.

एट माइल नावाचा रस्ता आहे, शहराची उत्तर हद्द. त्याच्या थोडं खाली, घरांच्या मागच्या अंगणांमधून, अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच अशी काँक्रीटची भिंत जाते. १९४१ मधली. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती आहे म्हणून सरकारी विमा खातं कर्जाला हमी देईना. त्याने मध्ये भिंत घातली, आणि खातं तयार झालं! भिंत कुणाला अडवत नव्हती, दोन्ही टोकांना वळसा घालून कुणीही जाऊ शकत होतं. ती उभी होती ती कागदावर शेरा बदलण्यासाठी. आज दोन्ही बाजूंना काळेच राहतात, भिंतीचा एक तुकडा मुलांच्या मैदानाला लागून आहे आणि त्यावर चित्रं रंगवलेली आहेत. मी गेलो तेव्हा एक आजी अंगणात टोमॅटोला पाणी घालत होत्या. भिंतीला टेकवून त्यांनी वेलाच्या काठ्या उभ्या केल्या होत्या.

आता आमचं, म्हणजे देशी लोकांचं. घर घेताना एजंटला पहिला प्रश्न: स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं? इथे शाळेला पैसा बऱ्याच अंशी घरपट्टीतून यायचा, म्हणजे महाग घरांच्या गावात श्रीमंत शाळा. डेट्रॉइटच्या शाळांतला वंशभेद मोडायला उपनगरांनाही योजनेत घ्यायचं असं खालच्या कोर्टाने ठरवलं होतं. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फिरवलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तर हद्द ओलांडता येणार नाही. संपलं. गोरी कुटुंबं हद्दीपलीकडे गेली की सुटली. १९५० मध्ये शहराची वस्ती साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत. मधल्या काळात, १८ जुलै २०१३ ला, शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

आणखी एक. काळ्यांची जी गजबजलेली पेठ होती, ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली, दुकानं, दवाखाने, जॅझचे क्लब, ती हायवेसाठी पाडली. भाडेकरूंना जवळजवळ काहीच मिळालं नाही. त्यातले बरेच जण सरकले कुठे? बाराव्या रस्त्याकडे. तिथेच पुढे ती धाड पडली.

आणि आपण इथे आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, जो नागरी हक्कांच्या लढ्याच्याच लाटेत झाला. मार त्यांनी खाल्ला, दार आपल्याला उघडलं. मंडळात हे बोललो की लोक ताटातल्या बासुंदीकडे बघायला लागतात.

---

जिभाऊ

भाऊ, आठे पोट भरानी मारामार शे, तठला भिंती कसाले मोजतस! पण वाचलं बठ्ठं, आता बोलतो.

माझे वडील अमळनेरकडे गिरणीत होते, मी बदली म्हणून लागलो. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. नाव कुणाचं पुकारायचं ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. जॉबर आपल्या गावच्यांना, आपल्या भाऊबंदांना आधी घ्यायचा. म्हणून खात्याखात्याची जात ठरून गेलेली असायची.

मुंबईचं तर नोंदलेलंच आहे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या हातात जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा मुद्दा पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. डेट्रॉइटला फोर्डने काळ्यांना काम दिलं म्हणून मोठं नाव होतं, पण बहुतेकांना घातलं भट्टीत, ओतकामात. यंत्र चालवायला गोरा, धग खायला काळा. दोन्हीकडे एकच हिशेब.

आणि मग गिरण्याच गेल्या. डेट्रॉइटमधून १९४७ ते १९६३ या काळात सव्वा लाखावर कारखान्यातल्या नोकऱ्या गेल्या म्हणतात, म्हणजे दंगलीच्या आधीच. कारखाने उपनगरात गेले, दक्षिणेत गेले. आपल्याकडे धुळं, अमळनेर, चाळीसगाव, जळगाव सगळीकडचे भोंगे बंद झाले. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आज मॉल आहे. माझा नातू तिथे गारेगार हवेत फिरतो, मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गिरणीत हिंदू-मुसलमान, माळी-महार एका पाळीत घामाघूम व्हायचे. खात्यांत भेद होता तरी गेट एक होतं, युनियन एक होती. गेट गेल्यावर ज्याची त्याची गल्ली तेवढी उरली.

---

रोखठोक७

जिभाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी लोकांना एकच विचारतो: केर्नर आयोगाने एवढं सगळं शोधलं, मग पुढे काय झालं? १९६८ च्या नोव्हेंबरात लोकांनी निक्सनला निवडून दिलं, कायदा-सुव्यवस्थेच्या नावावर. सामान्य माणसाला आपलं दुकान शाबूत हवं असतं, अहवाल नको. धुळ्यात माझ्या मेहुण्याचं दुकान आहे. शटर खाली ओढताना तो कुणाचा इतिहास वाचत बसणार?

---

उधना_पॅसेंजर

रोखठोक दादा, ज्याचं दुकान जळतं त्याला अहवाल वाच म्हणणार नाही मी. पण दुकान कुठल्या गल्लीत आणि जाळणारा कुठल्या गल्लीतला, हे दोन्ही सारखंच ठरलेलं असतं, एवढंच.

माझ्या माहेरचं मूळ गाव शिरपूर तालुक्यातलं, जन्म सुरतचा. लिंबायत, उधना, डिंडोली इथे इतके खान्देशी आहेत की भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस होते. भुसावळ-सुरत लाइनच्या गाड्यांनी माणसं आली आणि खोल्यांत कोंबली गेली. वडील डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीत. घरी यायचे तेव्हा नखांत रंग असायचा, आठवड्याला वेगळा. त्यावरून आई ओळखायची बाजारात कुठली साडी चाललीय.

शहरात आमची ओळख काय? "बाहेरचे." चोरी झाली की पोलीस आधी आमच्या सोसायटीत. बरी वस्ती बघून खोली घ्यायला गेलं की आडनाव, मग गाव, मग "घरात नॉनव्हेज?" आणि मग "खोली कालच गेली." आणि गंमत बघा, डिसेंबर १९९२ ला सुरत पेटलं तेव्हा अशाच कामगार वस्त्यांमध्ये बाहेरगावच्यांनी बाहेरगावच्यांना मारलं. आमच्या गल्लीतली जी मुसलमान कुटुंबं गेली ती परत आली नाहीत. आधी एका नळावर भांडायचो, आता त्यांचा नळच वेगळा आहे, दोन किलोमीटर पलीकडे. डेट्रॉइटची भिंत वाचली तेव्हा मला हे आठवलं. इथे भिंत घालायला कुणी बिल्डर लागला नाही, चार रात्रींत झाली.

सप्टेंबर १९९४ च्या प्लेगात लाखो लोक पळाले, आम्हीही. गावी गेलो तर गावातले दारात घेईनात, सुरतहून आलेत म्हणून. म्हणजे तिकडेही बाहेरचे, इकडेही.

एक विचारायचं होतं, नोव्हीकर दादा: तिथल्या काळ्या लोकांना दक्षिणेत परत जावंसं वाटलं का कधी?

---

नोव्हीकर_चाळीसगावचा

हो ताई, वाटतं आणि जातातही. १९७० नंतर उलटा ओघ सुरू झाला, अटलांटा वगैरे शहरांकडे. शिकलेले, पेन्शनवाले जास्त.

रोखठोक दादांना थोडं. निक्सनचं बरोबर आहे. जॉन्सननेही तो अहवाल थंडपणे बाजूला ठेवला, कारण त्यात गोऱ्या समाजाच्या वंशवादाचं नाव घेऊन बोट दाखवलं होतं आणि उपाय खर्चाचे होते, व्हिएतनामवर पैसा चाललेला. वस्त्यांत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये झाला, तो मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला खून झाल्यावर. पण नुसता कायदा पुरतो असंही नाही. मतदानाच्या हक्काचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ ला सही झाला आणि पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसचं वॉट्स पेटलं, ३४ मेले. मत मिळालं होतं, काम आणि घर नव्हतं. आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो: १९२१ मध्ये टल्सात गोऱ्या जमावाने काळ्यांची जी वस्ती जाळली, ती गरीब नव्हती, चांगली सुखवस्तू होती. पेटतं ते नेहमी गरिबीनेच असं नाही. कधी खालचा वर आला म्हणूनही पेटतं.

---

सातपुडा

उशिरा आलो, रेंज नव्हती. रोखठोक सरांनी नंदुरबारचं नाव घेतलं म्हणून लिहितो. मी शहाद्याच्या पुढचा, भिल्ल.

आमच्याकडे शांतता आहे असं तुम्हाला वाटतं, कारण आमची अशांतता तुमच्या पेपरात कर्फ्यू म्हणून छापून येत नाही. इंग्रज आले तेव्हा खान्देशातले भिल्ल वर्षानुवर्षं लढले. शेवटी औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल कोअर नावाची पलटण काढली आणि भिल्लांनाच भिल्लांवर घातलं. १८७१ ला कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून गेला. पोलीस पाटलाच्या डोक्यातून किती गेला ते पारधी वस्तीवर जाऊन विचारा. पांझराकाठ सरांनी नकाशा सांगितला. आमच्यावर नकाशा नाही, माणसावरच रंग मारला होता.

मग जमीन. तापीकाठची काळी जमीन कागदावर एकेक करून दुसऱ्यांच्या नावावर गेली आणि त्याच शेतात आमची माणसं सालदार झाली. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, त्याआधीपासून आमच्यातलेच अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरत होते. जमिनी सोडवल्या, मजुरी वाढवून घेतली, बायकांनी दारूचे मडके फोडले. जाळपोळ न करता झालं ते, पण त्याला बड्या शेतकऱ्यांच्या सभांमध्ये काय म्हणत होते माहीत आहे? बाहेरून आलेल्यांनी भडकवलं. कारण त्यात मुंबई-पुण्याची काही शिकलेली पोरं होती. अंबरसिंग कुठल्या बाहेरचे?

"मग पेटत का नाही" याचं उत्तर धाग्यातच आहे. केर्नरवाल्यांना सापडलेला पोरगा शहरात जन्मलेला, थोडा शिकलेला, काचेतून दुकान बघणारा होता. आमचा पोरगा दसरा-दिवाळीला बायको-पोरांसह ट्रकमध्ये बसतो आणि बारडोलीकडे ऊसतोडीला जातो. पेटायला सुद्धा माणूस एका जागी राहावा लागतो. आता नंदुरबार, शहादा, धुळ्याच्या कडेला आमच्या दुसऱ्या पिढीची पोरं वाढतायत, दहावी-बारावी झालेली, मोबाइल हातात, काम नाही. त्यांच्याबद्दल दहा वर्षांनी असाच धागा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

आणि राग कुठे निघतो हेही बघा. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली असं व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. कोण होते ते? मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले डवरी गोसावी. मारणारे गरीब, मरणारे त्यांच्याहून गरीब. त्यावर मला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून थांबतो.

---

व्यवस्थापन

एका धर्माबद्दलचे दोन प्रतिसाद काढले आहेत. २०१३ च्या घटनेवर लिहिताना कुणाही खासगी व्यक्तीचं नाव घेऊ नये. चर्चा चालू ठेवा.

---

कपाशी

सातपुडा दादा, तुमच्याकडचे लोक माझ्या शेतात वेचणीला येतात. किलोवर मजुरी, शेडमध्ये राहणं, आठवड्याच्या बाजाराला उचल. उचल फिटायच्या आत हंगाम संपतो. वर मी मिसिसिपीच्या दुकानातल्या उधारीबद्दल शहाणपणाने लिहिलं, तेव्हा हे डोळ्यासमोर होतंच, फक्त लिहिलं नाही. माझा बचाव असा की कापसाला भाव नाही, बोंडअळीने गेल्या काही वर्षांत कंबर मोडली. बचाव खरा आहे. उचलही खरी आहे.

---

पांझराकाठ

सगळ्यांचे आभार, विशेषतः सातपुडा यांचे.

रोखठोक, तुमच्या मेहुण्याच्या दुकानाबद्दल. डेट्रॉइटमध्ये जळालेली बरीच दुकानं पुन्हा उघडली नाहीत, कारण विमा कंपन्या त्या भागाला हात लावेनात, आणि अडकून पडली कोण? तिथेच राहणारी माणसं, दूध-ब्रेडसाठी मैलभर जाणारी. म्हणून दुकानदाराचा आणि वस्तीचा हिशेब मी वेगळा मांडत नाही. धुळ्यातही दंगलीनंतर काही गल्ल्यांत धंदा बसला तो बसलाच. ज्यांना जमलं ते देवपूरकडे सरकले. हिंदू आपल्या बाजूला, मुसलमान आपल्या बाजूला. पूर्वी गल्ली नंबर सांगितला की फक्त पत्ता कळायचा, आता माणूसही कळतो.

पोलिसांचं राहिलंच. डेट्रॉइटमध्ये तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक काळे आणि पोलीस दलात ते जेमतेम पाच टक्के. वस्तीत फक्त झडतीला येणारा, तिथे कुणाचा मामा-काका नसलेला पोलीस. पुढे १९७३ मध्ये कोलमन यंग हे शहराचे पहिले काळे महापौर निवडून आले, ते पोलिसांचाच मुद्दा घेऊन, आणि दलात काळ्यांची भरती वाढली. म्हणजे बदलता येतं. फक्त तोवर कारखाने आणि करदाते निघून गेले होते. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर पहाटे पळणारी पोरं कुठल्या वस्तीतून येतात आणि कुठल्यातून येतच नाहीत, हे कुणी एकदा उभं राहून बघावं. सच्चर समितीने २००६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षण-नोकऱ्यांचं देशाचं चित्र दिलं होतं, त्यावर नुसती भांडणं झाली.

मी धुळ्याचा जुना शहर नकाशा मिळवतोय. १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. जुनं धुळं एकीकडे, नवं दुसरीकडे. तिथून सुरुवात करून भुयारी गटार, पाइपलाइन, मंजूर ले-आउट यांचे थर एकावर एक ठेवायचे आणि त्यावर २००८ आणि २०१३ ची ठिकाणं. जुळतील की नाही ते जुळवल्यावर कळेल. नाही जुळली तर तेही इथेच टाकीन.

---

रोखठोक७

टाका. पण गटार नसलेल्या आणि तरी कधीच न पेटलेल्या वस्त्याही दाखवा, नाहीतर तुम्हाला हवं तेच निघेल.

---

पांझराकाठ

मान्य. त्या आधी टाकतो.

---

जिभाऊ

नकाशात धुळ्याचा मोगलाई भाग सोडू नको रे भो. आणि नकाशा महापालिकेत मागशील तर चार चकरा मारशील, भूमी अभिलेखला जा, सिटी सर्व्हेचे शीट तिथे नकलेची फी भरून मिळतात. जेवणाच्या आधी जा.